गालाच्या आतल्या पेशी

स्पिरिटचा वास नाकात शिरला आणि माझे कान तापले. एवढी वर्षं झाली, लग्न झालं, पुण्यात संसार थाटला, केस पांढरे व्हायला लागले, आणि शाळेच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिले तर कान आपले तस्सेच तापलेले! दादाची मुलगी ऋचा आता माझ्याच जुन्या शाळेत शिकते. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, आणि "आत्या, तू नाशिकला येच, येताना आजीलाही घेऊन ये," असं तिने फोनवर इतकं बजावलं होतं की नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणून मी आणि आई, दोघी आलो. आई दारातच थबकली. मीही थबकले. याच खोलीत माझी शोभा झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिची.

ऋचाचं टेबल खिडकीशी होतं. टेबलावर मायक्रोस्कोप, निळ्या रंगाची बाटली, दातकोरण्यांचा डबा आणि पुठ्ठ्यावर झोकदार अक्षरांत लिहिलेलं, 'तुमच्या गालातली पेशी तुम्हीच पाहा'. येणाऱ्याजाणाऱ्याला स्टुलावर बसवायचं, आ करायला लावायचं, गालाच्या आतून दातकोरणी हलकेच फिरवायची, ती काचेवर पुसायची, वर रंगाचा थेंब सोडायचा आणि म्हणायचं, बघा! दुसरा काही प्रयोग सुचला नसता का या पोरीला? हवेचा दाब होता, लिंबावर पेटणारा दिवा होता. पण नाही, हाच.

"आजी, आधी तू बस," ऋचा ओरडली.

"लोकायचं व्हऊ दे आधी," आई म्हणाली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

मी तिच्याकडे पाहिलंच नाही. खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि तो वास मला घेऊन मागे निघाला.

आम्ही सिडकोत राहायचो. वडील सातपूरच्या एका कारखान्यात होते. आई देवळ्याकडची. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका अशाच कळवण, सटाणा, देवळा इकडून नवऱ्यांच्या नोकरीमागे शहरात आलेल्या. येताना त्यांनी पाटा आणला, उखळ आणलं, आपली बोली आणली आणि मिश्रीची सवय आणली. तिकडे मिश्री म्हणजे काही व्यसन वगैरे नव्हे बरं का. सकाळी उठून दातांना मिश्री लावणं हे तोंड धुण्याइतकंच साधं काम. पुरुषांना चहा लागतो, बायकांना मिश्री लागते, एवढा सरळ हिशेब.

मिश्री करायला आईचा एक वेगळा तवा होता, पोचे पडलेला, पोळ्यांच्या तव्याजवळ तो ठेवायचा नाही. स्टोव्ह फरफरत असायचा, तव्यावर तंबाखूची पानं आक्रसत जायची, आधी तपकिरी, मग काळी, आणि मग तो धूर निघायचा. बाई गं, काय तो धूर! सगळी चाळ खोकायला लागायची. शेजारची मालेगावची मावशी खोकत खोकत ओरडायची, "वं, घर पेटवती का काय!" आणि संध्याकाळी हीच मावशी आपली रिकामी डबी घेऊन आमच्या दारात हजर. भाजलेली पानं आई वाटीच्या बुडाने चुरायची. तो कुरकुर आवाज आणि तो कडवट, खरपूस वास मला फार आवडायचा. अजूनही कुठे शेकोटीत पाला जळला की मी जरा थांबते.

थंडीत आमच्या घरांच्या रांगेमागच्या मोकळ्या जागेत ऊन लवकर यायचं. नाशिकची थंडी, हात बाहेर काढवत नाहीत अशी. बायका शाली लपेटून तिथे उकिडव्या बसायच्या. डबी या हातातून त्या हातात फिरायची. चिमूटभर मिश्री तळहातावर, बोट तिच्यात बुडवायचं आणि तोंडात घालून या दाढेपासून त्या दाढेपर्यंत संथ फिरवत राहायचं. बोट तोंडात आणि बोलणं तर थांबत नाही! त्यामुळे सगळ्यांचं बोलणं बोबडं. कोणाची सासू आजारी, कोणाच्या भावाने कांदा कधी काढला, सगळं त्या बोबड्या बोलीत. मला ती बोली अस्खलित यायची. आई तिथे बसली की अगदी वेगळी बाई वाटायची. मोठ्याने हसायची, मागे रेलून, काळ्या कडांचे सगळे दात दाखवत. घरात मी तिला तसं हसताना फार कमी पाहिलं.

माझी दाढ किडली आणि रात्री मी रडायला लागले, तेव्हा आईने आपलं बोट माझ्या तोंडात घालून दाढेवर मिश्री दाबून धरली. आधी जीभ पोळली, मग डोकं गरगरलं, आणि मग दाढ कुठे गेली तेच कळेना. किती गोड वाटलं म्हणून सांगू! मग सकाळी मीही त्या उन्हात बसायला लागले. शाल पांघरून, बोट तोंडात, बायकांत बाई. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मालेगावची मावशी म्हणायची, "पोर मोठी झाली वं तुझी."

पण वडिलांनी हट्टाने मला जुन्या नाशिक गावातल्या शाळेत घातलं, चांगली शाळा म्हणून. तिथे मी दुसरीच कोणीतरी होते. घरी 'हाय', 'नाय'. शाळेचं फाटक आलं की 'आहे', 'नाही'. बसमध्येच मी जीभ बदलून घ्यायची. माझ्या बाकावर मेधा बसायची. तिचे वडील गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, यात्रेकरूंचे विधी करायचे, घरात सगळे शिकलेले, तिच्या डब्यातही काकडीच्या गोल गोल चकत्या. मेधा मनाने चांगली होती, उगाच कशाला खोटं बोलू. पण तिच्याशेजारी बसताना मी तोंड जरा मिटूनच हसायची.

नववीत पाठकबाई जीवशास्त्र शिकवायला आल्या. पांढरी साडी, बारीक काठ, खडू धरतानाही बोटाला रुमाल गुंडाळलेला. त्यांनी फळ्यावर एक मोठी वेडीवाकडी आकृती काढली आणि म्हणाल्या, ही पेशी. तुमचं सगळं अंग हिचंच बनलंय. मग एकेक नाव. पेशीपटल, पेशीद्रव्य, केंद्रक, तंतुकणिका, रिक्तिका, आंतर्द्रव्यजालिका. मला तर ती नावं ऐकूनच नादावल्यासारखं झालं. भांडी घासताना मी ती म्हणायची. आई विचारायची, "कोनतं स्तोत्र हाय गं हे?" मी तिला सांगायची की पेशीचं पटल म्हणजे तिची चौकट, आत काय घ्यायचं, बाहेर काय टाकायचं ते तिथे ठरतं. केंद्रक म्हणजे घरातलं मोठं माणूस. आणि लयकारिका म्हणजे केरकचरा पचवून टाकणाऱ्या बारक्या पिशव्या. आई म्हणायची, "मंजी ती बी घर झाडती म्हन."

पहिला प्रयोग कांद्याच्या सालीचा. कांदा कोण आणणार, असं बाईंनी विचारलं आणि माझा हात सगळ्यांच्या आधी वर! मामाचा कांदाच होता ना. देवळ्याहून गोणी आलेली. मी निवडून मोठमोठे कांदे नेले, प्रयोगशाळेत सगळ्यांचे डोळे झोंबले, पाकळीच्या आतली पातळ साल चिमट्याने सोलली, आयोडीन टाकलं, आणि काचेखाली पाहिलं तर विटांची भिंत! एकाला एक लागून, शिस्तीत. बाई म्हणाल्या, "उत्तम कांदा आहे हो." त्या दिवशी मी नाक वर करून घरी आले.

त्यानंतरच्या आठवड्यात गालाच्या पेशी.

त्या सकाळी दाढ ठणकत होती. आईने डबी पुढे केली, मी नेहमीपेक्षा जास्तच मिश्री दाबली. बस येईल म्हणून घाईत एकच चूळ भरली आणि पळाले. प्रयोगशाळेत बाईंनी सांगितलं, चूळ भरा, दातकोरणीच्या बोथट बाजूने गाल आतून खरवडा, अलगद. माझ्या स्लाइडवर पेशी अशा काही छान पसरल्या की काय सांगावं! निळसर, पातळ, कडा दुमडलेल्या, प्रत्येकीच्या मधोमध गडद निळा ठिपका. आणि त्याशिवाय बारीक बारीक काळे कण. कोणाच्याच स्लाइडमध्ये नव्हते, फक्त माझ्या.

बाईंना मोठ्या बाईंनी बोलावलं होतं, त्या जाताना म्हणाल्या होत्या की आपल्या मायक्रोस्कोपात केंद्रकापलीकडे काही दिसायचं नाही, बाकीचं पुस्तकातच बघा. आणि इथे तर दिसत होतं! मेधाने डोळा लावला आणि किंचाळलीच. "अगं, लयकारिका! हिच्या पेशीत लयकारिका दिसतायत!" झालं. सगळा वर्ग माझ्या टेबलाशी. ढकलाढकली, रांग, 'मला बघू दे, मला बघू दे'. ज्या मुली माझ्याशी कधी बोलत नव्हत्या त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारत होत्या, तू कसं काय गं केलंस? मी पण शेफारले. म्हटलं, हलक्या हाताने खरवडावं लागतं. सगळ्यांनी आकृती काढल्या, टोकदार पेन्सिलीने ते काळे ठिपके काढले आणि बाण काढून लिहिलं, लयकारिका. मीही काढले. सगळ्यांत सुबक माझेच होते.

बाई आल्या. वर्ग एका सुरात ओरडला, "बाई, लयकारिका!" बाई हसल्या, वाकल्या, डोळा लावला. स्क्रू जरासा फिरवला. मग बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. वर आल्या तेव्हा हसू नव्हतं.

"स्लाइड कुणाची?"

"हिची!" मेधा म्हणाली, अगदी कौतुकाने.

"सकाळी दात कशाने घासलेस गं?"

"पेस्टने," मी म्हटलं. आणि म्हणतानाच मला कळलं.

"तोंड उघड."

मी उघडलं. काय करणार? सगळा वर्ग बघत होता. बाईंनी माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे केलं. त्यांच्या हाताला साबणाचा वास होता. माझ्या तोंडाला कसला असेल, या विचाराने मी श्वास रोखून धरला.

"ही तंबाखू आहे," बाई वर्गाला म्हणाल्या. "मिश्री म्हणतात तिला. पेशीचा भाग नाही. खोडा ते सगळं."

त्या रागावल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. सगळ्यांनी खोडरबर काढले आणि खोडायला लागल्या. आधी कोणी हसलं नाही. फक्त कागदावर रबर घासल्याचा आवाज, सगळ्या खोलीभर. मग मागे कोणीतरी 'शी' म्हटलं आणि हसू फुटलं. मेधाने आपली वही जराशी पलीकडे ओढली. धरणीने पोटात घ्यावं असं वाटतं म्हणतात ना, मला तेवढंही सुचलं नाही. मी आपली खोडत बसले. माझे ठिपके फार दाबून काढलेले, ते नीट पुसले जाईनात.

"उद्या आईला घेऊन ये," बाई जाताना म्हणाल्या.

आई आली. सणाची साडी नेसून, डोक्यावर पदर, हातात मामाच्या कांद्यांची पिशवी, बाईंना द्यायला. मला तो पिशवीचा प्रकार बघूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मधली सुट्टी होती. मुली दारात गोळा झाल्या होत्या. आईने बाईंना नमस्कार केला आणि सगळे दात दाखवून हसली, तिच्या मनात काहीच नव्हतं म्हणून.

"पोरीची चूक नाय बाई," ती म्हणाली. "दाढ लय दुखायची तिची. रातभर रडायची. मीच लावली मिसरी. आमच्यात समद्या लावत्यात."

"बसा," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काही दाखवते."

त्यांनी आईच्या गालातून दातकोरणी फिरवली. आईने लहान मुलासारखा आ केला होता. मग मायक्रोस्कोप. आईला एक डोळा मिटता येईना, दोन्ही मिटायचे. दारातल्या मुली खिदळल्या. शेवटी आईने एक डोळा हाताने झाकला आणि वाकली.

"निळं निळं दिसतंय," ती म्हणाली. तिला मौज वाटत होती. "गोधडीवानी. तुकडं जोडल्यावानी."

"त्या तुमच्या पेशी. तुमच्या गालाच्या आतल्या."

"आन् हे काळं?"

"ती मिश्री. धुतली तरी जात नाही, बघा. अशीच बसून राहते, आणि मग आत काय काय होतं ते सांगायला नको."

आई वाकलेलीच राहिली. तिची बोटं टेबलाच्या कडेवर होती, तर्जनीचं टोक कायमचं काळं पडलेलं. मग ती एकदम आपल्या बोलीत बोलली, दचकल्यावर माणूस बोलतं तशी. "हाई मन्हं शे?" माझं आहे हे, असं ती विचारत होती. दारात पुन्हा हसू फुटलं. "शे! शे म्हणाली!" असं कोणीतरी म्हटलं. आणि मी काय केलं? मी भिंतीवरचा तक्ता वाचत उभी राहिले, जशी काही ही बाई माझी कोणी नव्हेच. तक्ता बेडकाच्या पचनसंस्थेचा होता.

आई उठली. कांद्यांची पिशवी तिथेच राहिली. फाटकापर्यंत जाताना तिने पदराचं टोक ओढून ओठांवर धरलं. मला वाटलं, उन्हामुळे.

त्या दिवसापासून आईने मिश्री सोडली. कोणी सांगितलं नाही, शपथ घातली नाही. पोचे पडलेला तवा भंगारवाल्याला गेला. पुढचे कितीतरी दिवस तिचं डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, ती चिडायची, भांडी आपटायची. सकाळी तळहात उघडा ठेवून ओट्यापाशी नुसती उभी राहायची. रांगेमागे ऊन यायचं, बायका जमायच्या, मालेगावची मावशी हाक मारायची, "येती का वं?" आई म्हणायची, कामं पडलीत. बिनमिश्रीचं तिथे बसून काय करणार? हळूहळू हाक यायची थांबली. मागून तो बोबडा गलका ऐकू यायचा आणि आई पोळ्या लाटत असायची. मला तेव्हा सुटल्यासारखंच वाटलं. आता शाळेत तरी कोणाला काही सांगायला नको, एवढंच माझ्या डोक्यात.

पदर मात्र राहिला. दादाच्या लग्नाचे फोटो काढा, माझ्या लग्नाचे काढा, आईच्या ओठांवर पदर. हसू आलं की हात वर. लोकांना वाटायचं, जुन्या वळणाची बाई आहे. तिचे दात पडले, दादाने चांगली कवळी करून दिली, मोत्यासारखी. मी म्हटलं, आता तरी सोड की तो पदर! तर म्हणाली, "दात नवं हायेत. गाल जुनंच हाय ना." मी हसण्यावारी नेलं. आणखी काय करायचं असतं अशा वेळी, मला अजून कळलेलं नाही.

"आत्या! कुठे हरवलीस?" ऋचाने मला हलवलं. गर्दी ओसरली होती. स्टूल रिकामं होतं. "आजी, आता कुणी नाहीये. ये ना गं. सगळ्यांच्या आज्या बसल्या."

आईने तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या तोंडावर इतकी हौस होती की नाही म्हणणं अवघड. "थांब," आई म्हणाली. "चूळ भरून येती."

व्हरांड्यात नळ होता. मी तिच्यामागे गेले. आईने पाठ फिरवली, कवळी काढली, धुतली आणि मुठीत धरली. मग चूळ भरली. थुंकलेल्या पाण्याकडे वाकून पाहिलं. पुन्हा भरली, पुन्हा पाहिलं. बोट आत घालून हिरड्या चोळल्या, गाल आतून चोळला, पुन्हा पाणी. पाणी गार होतं, तिचे हात लाल झाले.

"आई, पुरे," मी म्हटलं.

तिने नळ बंद केला. इकडेतिकडे पाहिलं. व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो. मग ती माझ्याकडे वळली, उजेडाकडे तोंड केलं आणि म्हणाली, "आधी तू बघ. पोरीच्या पुढं नगं."

आणि तिने तोंड उघडलं. किती वर्षांनी मी माझ्या आईचं तोंड आतून पाहत होते, कोण जाणे. गुलाबी, ओलं, म्हातारं. हिरड्यांवर सुरकुत्या. गाल लहान बाळासारखे स्वच्छ.

"काही नाही गं आई," मी म्हटलं. "काहीसुद्धा नाही."

तिने तोंड मिटलं नाही. हाताने खूण केली, आणखी बघ. मी नुसती मान हलवली. तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"नीट बघ," ती म्हणाली. "तव्हा लय लाज वाटली व्हती तुला माझी."